उलटा दवाखाना भरवण्याची कृती

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवत असाल, तर ही कृती तुमच्यासाठी आहे. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, जागा १००. या शंभरातले बरेच जण पुढे अशा ओपीडीत बसतील, जिथे समोरच्या पेशंटला ऐकू येत नाही आणि दारात रांग खोळंबलेली आहे. तेव्हा काय करायचं, हे व्याख्यान ऐकून येत नाही. म्हणून एक दिवस दवाखाना उलटा करायचा: कर्णबधिर माणसं डॉक्टर, तुमची मुलं पेशंट. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘डेफ स्ट्राँग हॉस्पिटल’ नावाने असाच उपक्रम चालतो. आपण तो कापूस-सोयाबीनच्या मुलखात बसवू. एक हॉल आणि पाच टेबलं पुरतात. या, लागू कामाला.

साहित्य

पाच टेबलं, पांढरा फळा, जाड मार्कर, पिवळे स्टिकर, मास्क. माणसाची समोरून आणि मागून नुसती बाह्यरेषा काढलेले कागद. चालू वर्षाचं कालनिर्णय. स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन, सलाइनची नळी (सुई नको). औषध म्हणून जेम्सच्या रंगीत गोळ्या. आणि पाठीवरचा फवारणीचा पंप, रिकामा आणि स्वच्छ धुतलेला. कुणाही शेतकऱ्याकडून एका दिवसासाठी मागून आणा.

महिनाभर आधी

१. मानधनाची फाईल टाका. येणाऱ्या कर्णबधिर प्रशिक्षकांचा दिवसाचा रोज, एसटीचं भाडं आणि जेवण, तिन्ही धरा. ‘समाजकार्य म्हणून या’ असं चुकूनही म्हणू नका. बाहेरून पाहुणे प्राध्यापक आले की त्यांना तुम्ही असं म्हणत नाही.

२. पाच कर्णबधिर प्रशिक्षक ठरवा. जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळांकडे माजी विद्यार्थ्यांची चौकशी करा. बुलढाणा, खामगाव, मेहकर, जिथून मिळतील तिथून. त्यात किमान दोन बायका हव्यात. एक जण असा हवा, जो कधी शाळेत गेला नाही आणि घरच्या खुणांवरच बोलतो, कारण खेड्यातून येणारा पेशंट बऱ्याचदा तसाच असतो. धोका: शाळेतल्या ऐकू येणाऱ्या शिक्षकांना बोलावून काम उरकण्याचा मोह होतो. त्यांना चहाला बोलवा, डॉक्टरच्या खुर्चीत बसवू नका.

३. दोन दुभाषी नक्की करा. दोन का? हात चालवत सलग तास काढला की दुभाषी थकतो आणि वाक्यं गळायला लागतात, म्हणून वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलायची. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दुभाष्यांचं प्रशिक्षण होतं, तिथे विचारा. कुणी येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्या, पण हॉलमध्ये रेंज येते का ते आदल्या दिवशी बघा. स्क्रीनवर हात अडकत-अडकत हलले, तर दुभाषी असून नसल्यासारखा.

४. प्रशिक्षकांसोबत बसून बारा खुणा निवडा. नाव, कुठे, दुखणं, कधीपासून, ताप, उलटी, जुलाब, खोकला, गरोदर, ॲलर्जी, औषध, ‘पुन्हा सांगा’. या घटकेला बारा पुरे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश नेटवर फुकट आहे, घरी सरावाला उत्तम. मात्र कोशातली खूण आणि इथली खूण वेगळी निघाली, तर इथली धरा.

५. तक्रारींच्या चिठ्ठ्या लिहा. मुतखडा, गरोदरपणात रक्तस्राव, फवारणीनंतरची चक्कर, लहान मुलाचा ताप, छातीत दुखणं. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहू नका, फक्त त्रास लिहा. आजार ओळखायची परीक्षा ही नव्हे.

६. शंभर जणांचे चार गट पाडा. एका वेळी पंचवीस. सगळ्यांना एकदम घेतलंत तर मागच्या रांगा आपसात गप्पा मारत बसतील.

७. टेबलं ओळीने मांडा: केसपेपर, ओपीडी, तपासणी, औषधं, वॉर्ड. प्रत्येक टेबलावर खुर्चीत बसून पाहा. डॉक्टरच्या पाठीमागे खिडकी आली, तर त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ, भुवया, काहीच वाचता येत नाही. खिडकी डॉक्टरच्या समोर हवी.

दवाखाना उलटा

८. आवाज बंद करा. दारातच मोबाइल एका खोक्यात ठेवून घ्या आणि सांगा, आता तासभर तोंडातून शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. एकाने ‘अरे, ते काय म्हणतायत?’ असं शेजाऱ्याला विचारलं की सगळा खेळ मोडतो.

९. मुलांना पेशंट म्हणून रांगेत उभं करा. केसपेपरच्या टेबलावरचा प्रशिक्षक नावं खुणेने पुकारेल. ज्याला कळलं नाही, त्याचा नंबर गेला. इथे तुमचा हात शिवशिवेल, जाऊन सांगावंसं वाटेल. जागेवरच थांबा. नंबर हुकलेला मुलगा दुसऱ्याला पुढे जाताना बघतो, परत टेबलापाशी जातो, पुन्हा काही न कळून मागे येतो. हे त्याला पूर्ण होऊ द्या. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या, मराठीत अडखळणाऱ्या मुलांना मात्र इथे पहिल्यांदाच सगळे आपल्या बरोबरीचे झालेले दिसतात. तेवढी गंमत बघून घ्या.

१०. ओपीडीच्या टेबलावर प्रत्येकाला दोन मिनिटं द्या. प्रशिक्षक भराभर खुणा करील, मान खाली घालून लिहील, औषधाची चिठ्ठी हातात देईल आणि पुढच्याला बोलावील. त्यांना आधीच सांगून ठेवा, अजिबात दयामाया नको.

११. आता ‘पोट-बोट’ खेळा. एकाला समोर उभं करून आवाज न काढता ओठांनी म्हणायला लावा: ‘पोट दुखतं’. मग ‘बोट दुखतं’. बाकीच्यांनी ओळखून कागदावर लिहायचं. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखेच दिसतात, त्यामुळे कितीही टक लावून पाहिलं तरी फरक सापडणार नाही. मग हेच वाक्य मास्क लावून म्हणायला सांगा. यापुढे वर्गातलं कुणी ‘ते ओठ वाचतात, हळू बोललं की झालं’ असं म्हणणार नाही.

१२. सगळ्यांना गोल बसवा. आता आवाज चालू. पहिला प्रश्न तुम्ही विचारा: ‘न कळता मान हलवली, असं कुणाकुणाचं झालं?’ हात वर होतील, बहुतेक सगळे. मग प्रशिक्षकांना विचारा, ते दवाखान्यात कधी मान हलवतात. या गप्पांना अर्धा तास ठेवा. घाईत ही पायरी गाळायची नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. पेशंटने मान हलवली म्हणजे त्याला समजलं, असं कधीही धरायचं नाही.

आता सुलटा

इथून मुलं डॉक्टर, प्रशिक्षक पेशंट. एकेका मुलाच्या बाजूला उभं राहून पायऱ्या करून घ्या.

१३. आधी पेशंटची नजर मिळवा. समोरून हात हलवा किंवा खांद्यावर हलकेच बोट टेकवा. मागून येऊन दंड धरू नका. दचकलेला माणूस पुढची पाच मिनिटं नीट सांगत नाही.

१४. मास्क उतरवा. खोकल्याचा किंवा संसर्गाचा पेशंट असेल तर राहू द्या, पण मग कागद-पेन आधीच हातात घ्या.

१५. पेशंटलाच विचारा, कसं बोलायचं. खुणा, लिहून, ओठ बघून की चित्र काढून? चार गोष्टी दाखवायच्या आणि बोट ठेवायला सांगायचं. इथे मुलं हमखास घसरतात: पेन दिसलं की मराठीत पानभर लिहून देतात. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं असतं, ‘काय’, ‘कुठे’ हे प्रश्न वाक्याच्या शेवटी येतात, आणि लिहिलेली मराठी अनेकांना परकी भाषा असते. लिहायचंच तर तीन-चार शब्दांचं वाक्य, एका ओळीत एकच गोष्ट.

१६. दुभाष्याला आपल्या शेजारी, जरासं मागे बसवा. म्हणजे पेशंटला एका नजरेत दोघं दिसतील.

१७. पेशंटकडे बघून बोला. ‘त्याला विचारा, जेवला का’ नाही. ‘तुम्ही जेवलात का?’ असं थेट. दुभाषी बोलतो म्हणून मान त्याच्याकडे वळतेच; वळली की मुलाच्या खुर्चीला हलकी टिचकी मारा.

१८. एका वेळी एकच प्रश्न विचारा. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर करा. सांकेतिक भाषेत प्रश्नचिन्ह चेहऱ्यावरच असतं. दगडी चेहऱ्याने केलेली ‘ताप’ची खूण म्हणजे ‘तुम्हाला ताप आहे’ असं विधान होऊन बसतं.

१९. दुखतंय कुठे, ते कागदावर दाखवायला सांगा. बाह्यरेषेचा कागद पुढे सरकवा, पेन पेशंटच्या हातात द्या. पाठीची बाजू विसरू नका. पूर्णेच्या खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, पट्ट्यातून, शेगाव-संग्रामपूर-जळगाव जामोदकडून येणाऱ्या पेशंटांच्या मूत्रपिंडाच्या तक्रारी इथल्या डॉक्टरांना ठाऊकच आहेत. कंबरेतून जांघेकडे सरकणारी कळ बोटाने एका रेघेत दाखवता येते, शब्दांत सांगायला मात्र दुभाष्यालाही वेळ लागतो.

२०. कधीपासून, ते कालनिर्णयावर विचारा. भिंतीवरचं ते कॅलेंडर घराघरात असतं, त्यामुळे पेशंटचं बोट बरोबर चौकटीवर जातं. ‘आठ दिवसांपासून का?’ असं तुम्ही सुचवू नका, मान लगेच हलेल. बोट तारखेवर पडेना, तर आठवडी बाजाराचा वार दाखवा, पोळा दाखवा, त्याच्या आधी की नंतर ते विचारा. बाईच्या पाळीची तारीखही अशीच काढा, आणि तेव्हा कॅलेंडर तिच्या हातात असू द्या, सासूच्या नाही.

२१. फवारणी केली का, ते पंप दाखवून विचारा. जुलै ते सप्टेंबरमध्ये चक्कर, उलटी घेऊन आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न. या पायरीवर थोडा जास्त वेळ थांबा. पंप पाठीला लावून दांडा मारल्याची नक्कल मुलाला करून दाखवू द्या. लाज वाटत असेल तर तुम्ही आधी करा. मग पुढचं: घाम? लाळ? डोळ्यांपुढे अंधारी? प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अंगावर करून दाखवायची. त्याच वेळी मुलाची नजर पेशंटच्या डोळ्यांवर हवी, कारण काही कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि ते बघायला भाषा लागत नाही. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा पाकीट आणलंय का, हे बाटलीचं चित्र काढून विचारा. नसेल तर घरून कुणाला तरी आणायला पाठवा. सगळ्यात मोठा धोका इथे आहे: अडखळत चालणारा, गुंगीतला, अस्पष्ट आवाज काढणारा कर्णबधिर माणूस दारू प्यायलाय असा शिक्का मारून बाकावर बसवला जातो. तुमच्या मुलाने तो शिक्का मारला, तर गुण शून्य, चर्चा नाही.

२२. नातेवाईकाला पाच मिनिटं बाहेर पाठवा. काही तरी निमित्त काढा. ‘तेवढा केसपेपर झेरॉक्स करून आणता का?’ हे चालतं. नवऱ्याची मारहाण, नको असलेलं गरोदरपण, गुप्त आजार यांपैकी काहीही घरच्या दुभाष्यासमोर बाहेर येत नाही. आणि लहान मुलाला आईचा दुभाषी कधीच करू नका. दहा वर्षांच्या पोराने आईला गाठीचं निदान सांगायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

२३. तपासण्याआधी तपासणीची नक्कल दाखवा. स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, सुई, जे अंगाला लागणार ते आधी डोळ्यांना दिसलं पाहिजे.

२४. पाठीमागे जाण्याआधी टिचकीचा करार करा. एक टिचकी म्हणजे श्वास आत, दोन म्हणजे बाहेर. मागे उभं राहून ‘मोठा श्वास घ्या’ असं दहादा ओरडलात, तरी फुप्फुसातून काही ऐकू येणार नाही. एक्स-रेलाही हेच: श्वास रोखायचा इशारा काय, ते खोलीत जाण्याआधी ठरवा, कारण तंत्रज्ञ काचेआड जातो.

२५. कानामागे यंत्र बसवलंय का, ते बघा. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर केसपेपरवर ठळक लिहा. त्यात चुंबक असतं. एमआरआयला पाठवण्याआधी ते कळलंच पाहिजे.

२६. सलाइन डाव्या हाताला लावा. डावखुरा असेल तर उजव्या. पेशंट ज्या हाताने जास्त बोलतो तो हात मोकळा हवा. दोन्ही हात बांधून ठेवणं म्हणजे त्याचं तोंडच बांधणं.

२७. औषध टेबलावर मांडून समजवा. कागदावर तीन खाने: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. प्रत्येक खान्यात गोळ्या ठेवा, शेजारी भरलेलं किंवा रिकामं ताट काढा. नुसतं १-०-१ लिहून देऊ नका. ते डॉक्टर-केमिस्टांचं आपसातलं बोलणं झालं.

२८. गोळ्या गोळा करून पुन्हा पेशंटला मांडायला लावा. तो मांडतो तेव्हा मुलाने हात मांडीवर ठेवायचे. ‘समजलं का?’ हा प्रश्न या खोलीत बंद. चुकीच्या खान्यात गोळी पडली तर पायरी २७ वर परत, हसून.

२९. शस्त्रक्रिया असेल तर संमती दुभाष्यासह घ्या. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेला तर विशेष जपा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० नुसार, मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. सासऱ्याची सही आणि तिचा अंगठा, एवढ्यावर कागद पुढे सरकवू नका.

३०. परत कधी यायचं, ते कॅलेंडरवर गोल करून द्या. आणि ‘त्रास झाला तर फोन करा’ हे वाक्य खोडून टाका. व्हॉट्सॲपवर मेसेज किंवा व्हिडिओ चालेल असा नंबर लिहा. कोणत्या त्रासाला लगेच निघायचं, त्याची दोन-तीन चित्रं सोबत काढा.

झाल्यावर

३१. गुण प्रशिक्षकांकडून घ्या. पाचपैकी, आणि एकच कसोटी: या डॉक्टरकडे मी परत येईन का? तुमचे गुण त्यात मिसळू नका. तुम्हाला छान वाटलेला मुलगा तिथे दोन गुणांवर थांबला, तर तो हिशोब त्यांचाच बरोबर.

३२. पिवळे स्टिकर खऱ्या ओपीडीच्या केसपेपर खिडकीवर नेऊन द्या. कर्णबधिर पेशंट आला की केसपेपरवर स्टिकर लागेल, आणि पुढे कुणी नाव पुकारण्याऐवजी जाऊन समोर उभं राहील. खिडकीवरच्या ताईंना आणि शिपाईमामांना पाच मिनिटं समजावून सांगा. त्यांना वगळलंत तर स्टिकर खणातच राहतील.

३३. मुलांना या खुणा दत्तक कुटुंबांच्या गावात न्यायला सांगा. कुटुंब दत्तक उपक्रमात ती गावात जातातच. आशाताईंना विचारून गावातलं ऐकू न येणारं माणूस शोधायचं, त्याच्या घरच्या खुणा त्याच्याकडूनच शिकायच्या आणि वहीत चित्र काढून ठेवायच्या. जनगणनेसारखी नावं टिपत फिरू नका.

तारीख धरताना २३ सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन सोयीचा वाटेल, पोस्टरवरही छान दिसेल. माझं ऐकाल तर जून गाठा. कापसावरची फवारणी जुलैत सुरू होते, आणि पायरी २१ तुमच्या मुलांना त्याआधी आलेली बरी.